ऊन दाखवलेली बिअर

गेल्या रविवारी मंडईतून आलो आणि गच्चीवर गेलो, तर आत्याच्या साबुदाण्याच्या पापड्यांशेजारी धोतराच्या फडक्याखाली माझ्या बाटल्या ओळीने आडव्या झोपलेल्या. पाच. असायला हव्या होत्या सहा.

मावसभावाने ब्रसेल्सहून आणल्या होत्या. सहा बाटल्या म्हणजे १९८० मिली, आणि कस्टमची मर्यादा २ लिटर. हिशोबाला तो पक्का पुणेकर आहे. शिमे ब्लू. मठातल्या साधूंची बिअर, ९ टक्क्यांची, बाटलीत यीस्ट असतं म्हणून वर्षानुवर्षं मुरते. लेबलावर सालसुद्धा छापतात. आपली नेहमीची लागर ठेवून ठेवली तर नुसती शिळी होते, हिला मात्र मनुका-खजुराची चव चढते. मी ठरवलं होतं, २०३१ साली, माझ्या पन्नाशीलाच फोडायची.

तिला लागतो अंधार आणि दहा-तेरा अंशांचा गारवा. कोथरूडच्या पश्चिममुखी फ्लॅटमध्ये, एप्रिलात! सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्याला तळघर होतं, भर मे महिन्यात तिथे अंगावर शहारा यायचा. वाडा पाडला, तळघराच्या जागी पार्किंग आलं, आणि त्यातही आमच्या वाट्याला खांबामागची जागा, जिथून स्कूटरसुद्धा उचलून काढावी लागते. बिल्डरला विचारलं तर म्हणाला, "साहेब, नकाशात खांब बारीक होता." असो. फ्रिजचं विचारलं तर बायको म्हणाली, "पाच वर्षं? माझ्या डोशाच्या पिठाला इथे दोन दिवस जागा मिळत नाही." शेवटी दिवाणात, रजयांच्या मध्ये बाटल्या उभ्या केल्या. उभ्याच ठेवायच्या असतात, म्हणजे यीस्ट तळाशी बसतं आणि बिअरचा हवेशी संबंध कमी येतो.

मग आत्या आली. वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम पंधरा दिवस, उद्देश वाळवण. रजई काढायला दिवाण उघडला आणि मला हाक मारली.

"हे काय रे?"

"मुरायला ठेवलंय." खोटं बोललो नव्हतो.

"कुणी केलंय?"

"साधूंनी. मठात करतात."

"कुठला मठ?"

"बेल्जियमचा."

"म्हणजे आसव! तसं सांग की. मी नाही का द्राक्षासव घेत." आणि दिवाण बंद.

विषय संपला असं मला वाटलं. चूक माझीच.

"आत्या, हे उन्हात कुणी ठेवलं?"

"मीच. मुरायला ठेवलंय म्हणालास आणि साधं ऊन दाखवलं नाहीस? लिंबाचं लोणचं काय अंधारात मुरतं?"

"अगं, उन्हाने वाट लागते याची! उष्णतेने ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते."

"तू ओला पुठ्ठा कधी खाल्लास?"

याला उत्तर नव्हतं.

"आणि आडव्या का?"

"सगळीकडून ऊन लागायला. दुपारी एकदा फिरवल्या पण." हे तिने उपकाराच्या सुरात सांगितलं.

"सहावी कुठे आहे?"

"ती खराब निघाली. बुरशीबिरशी धरली नाही ना, म्हणून झाकण उघडून बघितलं, तर ही फेसाची कारंजी! पदर भिजला माझा. आसवाला कधी फेस येतो? आंबलं होतं पार. कढीपत्त्याला घातलं."

आंबलं होतं. बेल्जियमच्या साधूंनी आयुष्य घालवून जे साधलं, त्याचा आत्याने एका शब्दात निकाल लावला. आणि शब्द बरोबर होता, याचाच जास्त राग आला.

आता पाच राहिल्या. तपकिरी काचेने प्रकाश बराचसा अडवला असेल, पण गच्चीच्या तापलेल्या फरशीचं काय? बिघडल्या की नाही हे उघडल्याशिवाय कळायचं नाही, आणि उघडली की चार उरणार. रोज रात्री त्यांच्यावरच झोपतो आणि कूस बदलतो.

काल आत्याचा फोन आला. पापड्या छान झाल्यात, आणि मेमध्ये कैऱ्या आल्या की परत येते म्हणाली. "उरलेल्यांचीही झाकणं एकदा उघडून बघू. आंबल्या नसतील तर वरून थोडा गूळ घालू."