लिंबाखालचं गंधक: ‘एक जाणकार’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार जाणकार,

लिंबाची पानं पिवळी पडतात त्यावर गंधकाचा उपाय सांगणारा माझा लेख वाचून सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं पहिलं वाक्य असं: ‘चुनखडीच्या जमिनीत गंधक टाकून सामू उतरत नाही हे शाळेतलं पोरगंही सांगेल, असले सल्ले देण्याआधी माती तरी तपासून घ्यायची.’ (सामू म्हणजे मातीचा पीएच; आंबटपणा वाढला की तो उतरतो.) पुढे चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून वेष्टण दिलेलं लोह), रोपाचा खुंट (ज्यावर कलम बांधतात तो खालचा भाग) आणि बोअरचं पाणी असे तीन मुद्दे आहेत. त्यांच्याकडे येते. आधी ते शाळेतलं पोरगं.

गंधकाचं गणित मला येत नाही असं तुम्ही धरूनच चाललात. मांडूया मग. मातीतल्या जिवाणूंनी १ किलो गंधकाचं पूर्ण आम्ल केलं, तर ते साधारण ३ किलो चुना संपवतं. एक चौरस मीटरमधली फूटभर खोलीची माती ४०० किलोच्या आसपास भरते. तिच्यात १० टक्के चुना धरला तर तो झाला ४० किलो, आणि त्याला गंधक लागणार जवळजवळ १३ किलो. एका चौरस मीटरला! एवढं कुणी टाकत नाही, टाकूही नये.

पण सगळ्या वाफ्याचा सामू उतरवा असं मी लिहिलंय कुठे? मी लिहिलंय, झाडाच्या घेराच्या कडेला, खोडापासून लांब, अरुंद चर काढा आणि कुजलेल्या शेणखतात गंधक मिसळून तो भरा. त्या पट्ट्यापुरता आंबटपणा टिकतो, तिथल्या पांढऱ्या मुळ्यांना लोह आणि जस्त उचलता येतं. चराबाहेर चुना असेना का. बाहेरचा चुना हळूहळू आत येतोच, म्हणून चर पुन्हा भरावा लागतो, हेही लेखात आहे. लेख शेवटपर्यंत वाचायचा असतो.

आणि ‘असले सल्ले’? समोर बसून चहा घेताना हेच तुम्ही ‘ताई, गंधकाचं जरा बघा’ असं म्हणाला असतात. नाव झाकलं की जीभ सुटते.

राहिलं माती तपासण्याचं. माझं माहेर कवठेमहांकाळकडचं. विहीर खणताना पांढऱ्या चुनखडीचा थर लागायचा, आणि त्या खड्यांवर लिंबू पिळून बुडबुडे बघणं हा आम्हा पोरांचा खेळ होता. त्याच रानात वडिलांनी कागदी लिंबं जगवली. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, म्हणजे लोह कमी पडल्याची खूण, ऊसवाले ज्याला केवडा म्हणतात तो, मी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधीपासून ओळखते. तरीही विश्रामबागच्या माझ्या घराच्या अंगणातली माती मी तपासून घेतलीय. सामू ८.३ आला, म्हणजे चुनखडीचीच. कागद घरात आहे, विचारलं असतंत तर दाखवला असता.

एक मान्य. गंधकाचा गुण यायला महिने लागतात, आणि तोही माती उबदार व ओलसर असेल तरच, हे मी ठळक लिहायला हवं होतं. ती ओळ घालते आहे.

आता बाकीचं. ईडीटीए चिलेट अशा मातीत टिकत नाही, ईडीडीएचए हे दुसरं चिलेट लागतं, हे बरोबर आहे. लेखातही आहे. ते महाग पडतं म्हणून मी हिराकस (फेरस सल्फेट) सुचवला, पण मातीत नाही. मातीत टाकला की त्यातलं लोह लगेच अडकून बसतं. अर्धा टक्क्याचं द्रावण, थोडी चुन्याची निवळी, आणि फवारणी संध्याकाळी कोवळ्या पालवीवर. खुंटाचं म्हणाल तर कागदी लिंबाची रोपं आपल्याकडे बहुतेक बियांचीच असतात, खुंट आणू कुठून? मोसंबीवाल्यांनी रोपवाटिकेत रंगपूर खुंट मागावा, तीनपानी खुंट चुनखडीत घेऊ नये. झालं.

बोअरच्या पाण्यातल्या बायकार्बोनेट या क्षारामुळे मुळांना लोह घेता येत नाही, म्हणता. असेल. आमच्याही बादलीच्या काठाला पांढरा थर बसतो. म्हणून लिंबाला काय बाटलीचं पाणी घालू? पावसाचं साठवता येईल तेवढं साठवावं, त्याहून जास्त या विषयात मला आज शिरायचं नाही.

तुमच्या झाडाचा फोटो टाका, नव्या पालवीचा, उजेडात काढलेला. खऱ्या नावाने टाकलात तर उत्तर जरा लवकर मिळेल.