ड्युरंटचा करार आणि वेतनमर्यादा : एक खुलासा

2016 च्या उन्हाळ्यात एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधील गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने वेतनमर्यादा (संघातील खेळाडूंच्या एकूण वेतनावरची कमाल मर्यादा) धाब्यावर बसवून केविन ड्युरंट या नामांकित खेळाडूला विकत घेतले, हा समज आजही पसरवला जातो. तो चुकीचा आहे. एनबीएमध्ये संघाला स्वतःचे जुने खेळाडू राखण्यासाठी मर्यादा ओलांडता येते, परंतु दुसऱ्या संघातून मुक्त झालेल्या खेळाडूला एवढे मोठे वेतन द्यायचे तर मर्यादेखाली तितकी जागा रिकामी असावी लागते, मग मालक कितीही श्रीमंत असो. नव्या दूरचित्रवाणी करारामुळे ही मर्यादा त्या वर्षी 7 कोटींवरून सुमारे 9.4 कोटी डॉलरवर गेली. ही वाढ टप्प्याटप्प्याने करण्याचा लीगचा प्रस्ताव खेळाडूंच्या संघटनेने आधीच फेटाळला होता, त्यामुळे ती एकदम झाली, आणि माझ्या मते ड्युरंटसाठी जागा निर्माण होण्याचे खरे कारण तिथेच आहे. शिवाय संघाचा मुख्य खेळाडू स्टीफन करीचा जुना करार चार वर्षांसाठी अवघा 4.4 कोटी डॉलरचा होता, त्यामुळेही जागा वाचली. तरीही जागा पुरेना, म्हणून संघातील अँड्र्यू बोगटला डॅलसच्या संघाकडे धाडावे लागले आणि हॅरिसन बार्न्सला राखण्याचा हक्क सोडावा लागला. मर्यादा मोडली गेली नाही. तिच्यात बसण्यासाठी अंतिम फेरी खेळलेल्या संघातील दोन प्रमुख खेळाडू गमवावे लागले.