सतार जर्मनीला, पैसे आण्णांकडं

विषय महेशच्या सतारीचा होता, पण आण्णा येऊन बसल्यावर तो सतारीचाच राहील अशी आशा कुणी धरली नव्हती.

महेशनं सतार विकायला काढलीय हे एव्हाना अख्ख्या मिरजेला ठाऊक आहे. जाहिरातीवर इतके दिवस फक्त "लास्ट किती?" विचारणारे येत होते. आता एकदम जर्मनीतलं गिऱ्हाईक आलंय. पासष्ट हजार कबूल, वर पैसे एस्क्रोतनं, म्हणजे मधल्या कंपनीकडं ठेवून देतो म्हणतोय. म्हणजे महेशला भीती नाही, त्यालाही नाही.

"भाव पाडला नाही?" इकबालनं विचारलं.

"नाही."

"फोटो बघून पण?"

इकबाल मामाच्या दुकानात सतारी करतो. महेशची ही सतार त्यानंच दोनदा दुरुस्त केलेली असल्यामुळं त्याला विचारायचा हक्क होता.

दिग्याला मात्र कंठ फुटला. दिग्या पुण्यात नोकरी करून आलाय आणि तेव्हापासून बोलताना हवेत चौकोन काढतो. "बघा, तिसरी पार्टी. न्यूट्रल. गिऱ्हाईक पैसे त्यांच्याकडं भरतो. ते तुला कळवतात, तू माल पाठवतोस. तो माल तपासतो, ओके म्हणतो, पैसे रिलीज. सिंपल."

"म्हणजे दोघांच्या मधी एक भला माणूस पैसे धरून बसणार," आण्णा म्हणाले. "त्यात काय नवीन? पूर्वीपासून चालत आलंय."

सुन्यानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "आण्णा, मधल्या भल्या माणसाबद्दल तुम्ही बोलू नका."

झालं. एम-८० निघाली.

नवीन माणसासाठी थोडक्यात सांगतो. दिग्याला सुन्याची एम-८० घ्यायची होती. दिग्याचा गाडीवर विश्वास नव्हता आणि सुन्याचा दिग्यावर. म्हणून आठ हजार आण्णांकडं ठेवले. गाडी आठवडाभर चालवून बघायची, पसंत पडली की पैसे सुन्याला, नाही पडली तर दिग्याला परत. गाडी अंकलीच्या पुलावर बंद पडली. दिग्या म्हणाला, इंजिन गेलंय. सुन्या म्हणाला, पेट्रोल संपलं होतं. दोघं आण्णांकडं गेले, तर आण्णा म्हणाले, "जरा थांबा, कारखान्याचं बिल येऊ दे." पैशांचं खत होऊन उसाला गेलं होतं.

"तुमचं भांडण मिटेना, पैसे नुसते पडून," आण्णा आजही त्याच तोंडानं सांगतात. "म्हटलं, तेवढ्यात एक डोस होऊन जाईल."

"म्हणूनच!" दिग्यानं चौकोन काढला. "म्हणूनच रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२० मध्ये नियम काढला. ऑनलाइन दुकानांचे पैसे गोळा करणाऱ्या कंपन्यांनी ते शेड्युल्ड कमर्शियल बँकेत वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवायचे. स्वतःच्या पैशात मिसळायचे नाहीत, धंद्याला वापरायचे नाहीत."

"म्हणजे रिझर्व्ह बँकेला पण आण्णा माहीत आहेत," इकबाल म्हणाला.

आण्णांना याचा राग आला की अभिमान वाटला, कळलं नाही.

सुन्याचं गाडं मग त्याच्या विश्रामबागेतल्या फ्लॅटवर गेलं. ते रोजच जातं. रेरा कायद्यानं बिल्डरला गिऱ्हाइकाच्या पैशातले सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए तिघांचा दाखला असेल तरच, झालेल्या कामाच्या प्रमाणात काढता येतात. हे सुन्याला पाठ आहे. ताबा कधी मिळणार हे विचारलं की तो चहावाल्याला हाक मारतो.

"आणि राहिलेले तीस टक्के?" महेशनं विचारलं.

"त्यात बसून तो साइटवर येतो. पांढरी आहे. सनरूफवाली."

एवढं होईपर्यंत दिग्यानं महेशचा मोबाइल घेऊन गिऱ्हाइकानं पाठवलेली लिंक उघडली होती. आम्ही सगळे वाकलो. साइट दिसायला चोख. वर कुलूप, खाली '१९९९ पासून विश्वासू', मधे कानाला माइक लावलेली हसरी बाई. दिग्या म्हणाला, "बघा, एस्क्रो डॉट कॉम खरंच १९९९ ची आहे." पत्ता मात्र एस्क्रो डॉट कॉम नव्हता. एस्क्रोच्या पुढं-मागं आणखी दोन शब्द आणि मधे आडव्या रेघा होत्या. अंगठ्यानं खाली सरकवलं तर तांबड्या चौकटीत लिहिलेलं, विक्रेत्याची परत मिळणारी अनामत, रुपये ६,५००. त्याखाली क्यूआर कोड आणि कोडखाली कुणा बाप्याचं नाव.

"जर्मनीच्या कंपनीला फोन पे चालतं?" सुन्या म्हणाला.

"लोकल पार्टनर असतो," दिग्या म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

इकबालनं महेशकडं बघितलं. "मर्दा, सतार कुणाची?"

"माझी."

"विकतोय कोण?"

"मी."

"मग पैसे तू का भरायचेस?"

"ती अनामत रिफंडेबल आहे," दिग्या.

"आण्णांकडचे पण रिफंडेबलच होते."

यावर खुद्द आण्णा हसले. खरं सांगायचं तर दिग्याचं मूळ म्हणणं चूक नाही. ईबे इंडियावर पैसापे होतं, माल पोचेपर्यंत विकणाऱ्याला पैसे मिळत नसत. सुन्यानं त्याच्यावरनं घेतलेला नोकिया त्याच्या आईकडं अजून चालतोय. ते दुकान २०१८ ला बंद झालं. चीनमध्ये तर ताओबाओवर अनोळखी लोक एकमेकांकडून खरेदी करायला धजेनात म्हणून २००३ मध्येच हा मधला खांब रोवला, त्याचं पुढं अलीपे झालं. पद्धत चांगलीच आहे. पण मधला माणूस कुणी निवडला, एवढं दिग्या विचारत नाही. समोरच्यानंच पंच आणला असेल तर मॅच कशाला खेळायची? पत्ता आपण स्वतः टाइप करायचा, कंपनी आपल्याला आधीपासून माहीत असलेली हवी, समोरच्याच्या लिंकवर बोटही लावायचं नाही. 'पैसे जमा झाले, माल पाठवा' अशी मेल आली तर मेलला विचारायचं नाही, आपल्या खात्यात शिरून बघायचं. आणि रिझर्व्ह बँकेचा नियम आहे म्हणून एस्क्रो असं नाव लावलेली प्रत्येक साइट त्या नियमात बसते, असंही काही नाही.

"पिन टाकायला सांगितलं तर?" महेश म्हणाला.

"पैसे यायला पिन लागत नाही रे," सुन्या ओरडला. "माझ्या मेव्हण्याला विचार. विकणारा मिलिटरीवाला होता म्हणे, बदली झाली म्हणून ॲक्टिव्हा विकतोय. गेटपासचे पैसे, मग ट्रान्सपोर्टचे, मग आणि कसले. ओळखपत्राचा फोटो बघून हा सॅल्यूट मारायचा तेवढा बाकी होता." नंतर मेव्हण्यानं सायबर फसवणुकीच्या १९३० नंबरला फोन लावला, पण तोवर दोन दिवस गेले होते. तिथं पहिल्या तासात फोन गेला तर काही अडवता येतं. आता ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयवर एका माणसानं दुसऱ्याला पैशाची मागणी पाठवायची सोय बंद केलीय. क्यूआर मात्र आहेच, आणि मेव्हणा पण आहेच.

"समजा कंपनी खरी मिळाली," इकबाल म्हणाला. तो सहसा एवढं बोलत नाही. "पैसे कोण धरणार, यावर तुमचं तासभर चाललंय. सतार वाजवून कोण बघणार? तिकडं थंडी, घरात हीटर. लाकूड आवळतं. तारांखालच्या घोडीवर जवारी, म्हणजे सुराला झणकार देणारी घासणी, मी इथल्या हवेत काढलेली, तिथं आवाज दबका वाटला तर तो म्हणणार माल खराब. एस्क्रोवाल्याला जवारी कळते? आणि भोपळा पंढरपूरकडचा, नाजूक. विमानात कुणी पेटी आपटली तर दोष कुणाचा?"

दिग्यानं चौकोन काढायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

"मग तुमच्या दुकानाचं कसं चालतं?" महेश.

"निम्मे ऑर्डरला, निम्मे पार्सल निघायच्या आधी. फायबरची पेटी, बंद करताना व्हिडिओ. लोक देतात, कारण दुकानाचं नाव ओळखतात."

"माझं पण नाव आहे की."

"हाय की. पानपट्टीवर वहीतच लिहिलंय."

हशा ओसरल्यावर इकबालनंच सांगितलं ते असं. तपासायची मुदत आधी लिहून घ्यायची, तीन दिवस म्हणजे तीन दिवस. काय दिसलं तर सतार परत येणार आणि येण्याचा खर्च कुणाचा, तेही लिहायचं. कंपनीचं कमिशन कोण भरणार, तेही. विमा वेगळा. आणि पाठवायच्या आधी सतार वाजतानाचा व्हिडिओ.

"व्हिडिओ मी आजच काढतो," महेश म्हणाला.

"काढ. पण वाजवायला दुसरं कुणीतरी बोलव. तू वाजवलेलं ऐकून तो सतारीला दोष देईल."

महेश उखडला. सात वर्षं शिकलोय, गुरुजींनी मला काय म्हटलं होतं माहितेय का, वगैरे. गुरुजींनी काय म्हटलं होतं ते आम्हाला माहीत होतं, त्यांनी ते चारचौघांत म्हटलं होतं. पण कुणी काढलं नाही. महेशनं रागारागात तिथंच जर्मनीला मेसेज टाकला, कंपनी मी सांगेन ती, अनामत भरणार नाही. लगेच उत्तर आलं, माय फ्रेंड, ट्रस्ट मी. त्याच्यापाठोपाठ तोच क्यूआर परत.

"जर्मनीत आत्ता किती वाजले असतील?" सुन्यानं विचारलं.

"माणूस कटनीचा असंल तर आपल्याएवढेच," इकबाल म्हणाला.

आण्णांना कुठंतरी लागलं असावं. त्यांनी बंडीच्या खिशातनं पाचशेची नोट काढली. "धरा. आठ हजारातले हे पहिले. उगं रोज रोज नको."

दिग्यानं हात पुढं केला. सुन्यानं त्याचं मनगट धरलं. "ए, गाडी चांगली होती. पैसे माझे."

"इंजिन गेलं होतं!"

"पेट्रोल संपलं होतं!"

दोघांच्या मधनं इकबालनं नोट अलगद उचलली. "भांडण मिटेस्तोवर माझ्याकडं राहू दे," म्हणाला, आणि वळून चहावाल्याला हाक मारली, "पाच चहा, दोन प्लेट भजी. आणि महेशची वही बघा किती झालीय."