'बेशुद्ध पडला नाही ना, मग खेळू दे' असं सांगणाऱ्यांना

काल रात्री ताईने एक फॉरवर्ड पाठवला. 'फुटबॉलमध्ये डोक्याला लागलं तर घाबरू नका', खाली पाच मुद्दे आणि शेवटी 'प्रत्येक पालकापर्यंत पोचवा'. सोबत तिचा प्रश्न, "मग शनिवारी याला खेळू देऊ ना?" मंगळवारी प्रॅक्टिसला भाच्याच्या कानशिलावर एका मुलाचं कोपर बसलं होतं. म्हणून हे लिहितोय.

'बेशुद्ध पडला नाही, म्हणजे कन्कशन नाही.' साफ चूक. कन्कशन म्हणजे माराने मेंदूला बसलेला हादरा, आणि तो बसलेल्या बहुतेकांची शुद्ध हरपतच नाही. 2014 ची वर्ल्ड कप फायनल आठवा. 17 व्या मिनिटाला जर्मनीचा क्रामर अर्जेंटिनाच्या गाराईच्या खांद्यावर आदळला. उठला, पुन्हा खेळू लागला आणि थोड्या वेळाने रेफ्रीलाच विचारलं, ही फायनल आहे का? 31 व्या मिनिटाला त्याला बाहेर काढलं. मधली चौदा मिनिटं सगळ्या जगाला तो ठीकच दिसत होता. आमच्या परळच्या चिखलात भाच्यानेही विचारलं होतं, "आपण कुठल्या गोलवर अटॅक करतोय?" पोरं हसली. बुटाची लेस बांधायला त्याला तीनदा बसावं लागलं, ते कुणी पाहिलंच नाही.

'पाच मिनिटं बसवा, डोक्यावर पाणी मारा, चक्कर थांबली की उतरवा.' सगळ्यात घातक मुद्दा हाच, आणि भाच्याच्या कोचने नेमकं हेच केलं. मार बसल्यावर मेंदू मंदावलेला असतो, चेंडूचा आणि अंगावर येणाऱ्याचा अंदाज चुकतो, म्हणजे दुसरा मार बसायची शक्यता वाढते. आधीचा मार भरून यायच्या आत दुसरा बसला तर कोवळ्या वयात मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. क्वचित होतं, पण होतं. 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला या विषयावरचे जगभरचे तज्ज्ञ जमले होते. त्यांचं निवेदन 2023 मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये आलंय. नुसता संशय आला तरी खेळाडू बाहेर, आणि त्या दिवशी परत नाही. पुढेही खेळात परतताना एकेक पायरी चढायची, प्रत्येक पायरीला किमान 24 तास. धक्काबुक्कीचा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

'सीटी स्कॅन नॉर्मल, मग काळजी मिटली.' स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेलं दिसतं. कन्कशन दिसत नाही.

'रात्रभर झोपू देऊ नका.' डॉक्टरांनी तपासलं असेल तर झोपू दे, झोपेची गरजच असते. मात्र उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत असेल, फिट आली किंवा हाक मारून जाग येत नसेल, तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

'दोन दिवस मोबाइल कमी.' हे मात्र बरोबर आहे, मान्य करतो. पण म्हणून अंधाऱ्या खोलीत कोंडायचं नाही. त्रास वाढत नसेल तर घरातल्या घरात चालू-फिरू दे.

ताई, त्याचं डोकं अजून दुखतंय असं तूच म्हणालीस. शनिवारी तो खेळणार नाही. उद्या डॉक्टरकडे मी नेतो, कोचशीही मीच बोलतो.