पांढऱ्या धुराला एवढं घाबरू नका

'सायलेन्सरमधून पांढरा धूर म्हणजे हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) गेलं' हे जुनी गाडी घेण्यावरच्या लेखातलं वाक्य अर्धवट आहे. थंडीत सकाळी धडधाकट गाडीही सुरू केल्यावर थोडा वेळ वाफ सोडते. इंजिन तापल्यावरही धूर दाटच राहिला, त्याला गोडसर वास आला, कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी होत असेल, तर मात्र काढता पाय घ्या.

खरी मेख निळसर धुरात आहे, तो लेखात नाहीच. ठाण्यात माजिवड्याला एक जुनी गाडी बघायला गेलो तर बोनेट आधीच गरम, म्हणजे इंजिन आधीच चालवून ठेवलेलं. मालक म्हणाला, 'आत्ताच धुवून आणली, साहेब!' (इंजिनही धुतलं होतं वाटतं.) गाडी थोडा वेळ तशीच सुरू ठेवायला लावली आणि मग रेस दिली. भसकन निळा धूर! सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवलं तर काजळी चिकट, तेलकट. म्हणजे इंजिन आतलं ऑइल जाळत होतं.