‘हार्मोन्सच ते, सव्वा महिन्यात येतील जागेवर’

बाळंतिणीचं रडणं म्हणजे निव्वळ हार्मोन्स. सव्वा महिन्यात आपोआप थांबतं. शंका असेल तर रक्तात हार्मोन्स तपासा, पण गोळ्या नकोत, दूध तोडावं लागतं. असा फॉरवर्ड फॅमिली ग्रुपवर फिरतोय.

यातले हार्मोन्स खरे, ‘निव्वळ’ खोटं. वार पडली की इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन काही दिवसांत धाडकन खाली येतात. पण ते प्रत्येकच बाळंतिणीचे येतात, मग नैराश्य काहींनाच का? अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने यावर केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. गरोदर नसलेल्या १६ जणींना दोन्ही हार्मोन्स वाढीव मात्रेत आठ आठवडे दिले आणि मग त्यांना कळू न देता बंद केले. आधी बाळंतपणात नैराश्य येऊन गेलेल्या ८ पैकी ५ जणींचं मन पुन्हा ढासळलं. उरलेल्या आठांत एकीचंही नाही. घसरण सारखीच, ती सोसणारा मेंदू वेगळा. म्हणूनच पातळी मोजून निदान होत नाही. थायरॉइड तेवढं जरूर तपासा. ते बिघडलं तरी असंच गळून गेल्यासारखं होतं.

आता सव्वा महिना. तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं. फॉरवर्डवाल्याने तेवढंच पाहिलं असावं. बाळ गाढ झोपलंय, आळिवाच्या खिरीवर साय धरलीय आणि ही टक्क जागी, असं महिनोन्‌महिने चाललेलं त्याने पाहिलेलं दिसत नाही. गोव्यात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २७० गरोदर बायकांचा पाठपुरावा केला, २००२ साली निष्कर्ष छापले. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के नैराश्यात होत्या. सहा महिन्यांनीही त्यांतल्या निम्म्याहून जास्त तशाच. आणि सहा ते आठ आठवड्यांनी नैराश्यात असलेल्यांतल्या ७८ टक्क्यांना मनाचा त्रास गरोदरपणातच होता, म्हणजे हार्मोन्स कोसळायच्या आधीच! कारणांत गरिबी होती, नवऱ्याशी बिनसलेलं होतं, मुलगा हवा असताना झालेली मुलगी होती. नात झाली म्हणून तोंड पाडून बसलेली सासू कुठल्या ग्रंथीतून स्रवते?

राहिलं दूध. सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध दुधात फार थोडं उतरतं. अंगावर पाजणाऱ्या आईला औषध लागलंच तर डॉक्टर बरेचदा तेच निवडतात. डॉक्टर लगेच मिळत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतूनही.