‘शंभराची फ्रेम पाच हजारांना’: त्या फॉरवर्डमधलं खरं किती आणि खोटं किती

‘चष्मेवाल्यांची लूट’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. गिऱ्हाईक तो मोबाइलवर उघडूनच काउंटरवर ठेवतात. ‘‘भाऊ, आधी हे वाचा, अन् मग भाव सांगा.’’ मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: जगातल्या सगळ्या फ्रेम एकाच कंपनीच्या. त्या चीनमध्ये साच्यातून निघतात, ‘हँडमेड’ हा नुसता छाप. असिटेट म्हणजे साधं प्लॅस्टिक. बनवायला खर्च शंभर रुपये. हातानं केलेल्या फ्रेमचं माप चुकतं, ती कलाही कधीच मेली. तेव्हा सगळ्यात स्वस्त मिळेल ती घ्या, फरक काही पडत नाही.

माझं नागपूरला बर्डीवर चष्म्याचं दुकान आहे. साच्यातल्या फ्रेम विकतो, असिटेटच्या शीटमधून कापलेल्याही विकतो. म्हणजे यात माझा स्वार्थ आहे, तो धरूनच वाचा. त्यासाठीच, जिथे जमेल तिथे तुम्हाला स्वतः तपासता येईल असंच सांगतो.

‘सगळं एकाच कंपनीचं.’ याचं मूळ माहीत आहे. लिओनार्दो देल वेक्यो यांनी १९६१ मध्ये इटलीतल्या अगोर्दो गावी लक्सॉटिका काढली. तिनं १९९९ मध्ये रे-बॅन घेतलं, २००७ मध्ये ओकले, आणि २०१८ मध्ये चष्म्याच्या काचा बनवणाऱ्या एसिलोरशी ती एक झाली. प्राडा, शनेल ही नावं लावलेल्या फ्रेमही परवान्यावर तीच बनवते. इतकं खरं. पण गुचीच्या फ्रेम केरिंग या कंपनीकडे, सॅफिलो आणि मार्कोलिन या फ्रेम बनवणाऱ्या कंपन्या वेगळ्या, आपल्याकडची टायटन वेगळी. आणि बर्डीच्या फुटपाथवर जी दीडशेला मिळते, ती यातल्या कोणाचीच नाही. हा मुद्दा इथेच सोडू.

‘सगळ्या फ्रेम साच्यातून निघतात, हँडमेड हा नुसता छाप.’ इथे जरा थांबावं लागेल.

साच्यातल्या फ्रेम असतात, आणि भरपूर असतात. नायलॉनच्या जातीचं टीआर-९० किंवा पॉलिकार्बोनेट वितळवून साच्यात दाबलं की बघता बघता अख्खा फ्रंट, म्हणजे काचा बसतात तो समोरचा भाग, तयार. साचा महाग असतो, पण एकातून हजारो नग निघतात म्हणून नग स्वस्त पडतो. यात फसवणूक काही नाही.

शीटची फ्रेम वेगळ्या वाटेनं येते. असिटेटची शीट फ्रंटसाठी सहा-आठ मिलिमीटर जाड घेतात, काड्यांसाठी चारेक. कारागीर कागदावर काढलेला आराखडा शीटवर चिकटवतो आणि कापायला सुरुवात करतो ती आतून. आधी डोळ्यांची भोकं. ड्रिलनं छिद्र पाडायचं, बारीक करवतीचं पातं त्यातून ओवायचं, पुन्हा चौकटीत कसायचं आणि रेघेच्या किंचित आत राहून फिरवत आणायचं. बाहेरची कड नंतर, कारण ती आधी कापली तर धरायला हातात काही उरत नाही. मग काच बसायला आतल्या कडेनं खाच. नोजपॅडसाठी त्याच शीटचे तुकडे ॲसिटोन लावून जोडतात. ॲसिटोननं दोन्ही पृष्ठभाग विरघळून एकजीव होतात, आणि कानस मारल्यावर जोड शोधून सापडत नाही.

मेसेजवाल्याचं एक मान्य. आजकाल मोठ्या कारखान्यांत ही कापणी संगणकावर चालणारी मशीन करते, ‘हँडमेड’ छापलेल्या फ्रेमचीसुद्धा. करवत हातात घेऊन अख्खी फ्रेम कापणारे जगात थोडेच उरलेत. पण कापड गिरणीत विणलं म्हणून शिवणकामही गिरणीनं केलं, असं आपण म्हणत नाही. फ्रेममधलं खरं हातकाम कापून झाल्यावर सुरू होतं.

मशीनखालून निघालेला फ्रंट सपाट असतो, कडा चौकोनी, चकाकी शून्य. ब्रिज, म्हणजे नाकावरचा मधला भाग, तापवून त्याला चेहऱ्याची गोलाई द्यावी लागते. कडा उतरवाव्या लागतात. मग फ्रेम जातात पिंपात. लाकडाचे बारके तुकडे आणि पॉलिशची पेस्ट भरलेली ही पिंपं दिवसचे दिवस फिरत राहतात. आधी जाड दाण्याची पेस्ट, मग बारीक. ब्रिजखालच्या कोपऱ्यात, काडीच्या सांध्यात पिंप पोचत नाही. तिथे माणूस फिरत्या पॉलिशच्या चाकावर, म्हणजे बफवर, फ्रेम धरतो. जरा जास्त वेळ धरली तर उष्णतेनं कड वाहते, कमी धरली तर कानशीचे ओरखडे तसेच राहतात. काडीचं आणखी वेगळं: ती तापवून मऊ करायची आणि जर्मन सिल्व्हरची तार एका दमात मधोमध आत घालायची. तार तिरपी गेली की काडी फुकट.

हे सगळं दुकानात उभं राहून तपासता येतं. काडीचं टोक उजेडात धरा. कासवाच्या पाठीसारखे तपकिरी डाग जाडीत आरपार गेलेले दिसले तर ती शीटची फ्रेम; शीट बनतानाच रंगीत लगदे एकत्र दाबून ठोकळा करतात आणि तो कापतात, म्हणून डाग आतपर्यंत असतात आणि दोन फ्रेमचे डाग एकसारखे येत नाहीत. साच्यातल्या फ्रेमवर ती नक्षी वरून चढवलेली असते, कडेला खरवडलं गेलं की खालचा एकच रंग उघडा पडतो. कडेवरून नख फिरवा: साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक रेघ लागते. मग काड्या पूर्ण उघडून सांधा बघा. काडी आणि फ्रंट वरपासून खालपर्यंत सारखे टेकले असतील तर कोणीतरी तिथे वेळ दिलाय. शेवटी फ्रेम काचेच्या काउंटरवर उलटी ठेवा. डुगडुगली तर परत द्या, छाप कुठल्याही देशाचा असो.

देशाचंही सांगून टाकतो. चीनमध्ये बनली म्हणजे हातानं बनली नाही, हे कुठून आलं? वेन्झोच्या वर्कशॉपमध्येही बफसमोर माणूसच उभा असतो. उलट, युरोपच्या नियमात शेवटचं महत्त्वाचं काम जिथे झालं तो देश मालाला लागतो. तेव्हा काडीवरचा ‘इटली’ वाचून सगळं इटलीतच झालं असं समजू नका. छापावर भरवसा ठेवू नका, हे मेसेजचं म्हणणं मला पटतं. त्यावरून त्यानं काढलेला निष्कर्ष पटत नाही.

‘असिटेट म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच.’ हो, प्लॅस्टिकच. पण कशाचं, ते विदर्भातल्या माणसानं तरी विचारायला हवं. कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई एकीकडे, सरकी दुसरीकडे. ती सरकी हातात घेऊन बघा. तिच्यावर आखूड, मऊ लव चिकटलेली असते. सूत काढायला ती निरुपयोगी, पण जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. ही लव आणि लाकडाचा लगदा, यांच्यावर ॲसेटिक रसायनांची प्रक्रिया करून असिटेट बनतं. वर्षानुवर्षं बंद डब्यात पडलेल्या जुन्या फ्रेमला व्हिनेगरसारखा वास मारतो तो त्यामुळेच. याच्या आधी सेल्युलॉइडच्या फ्रेम असत, आणि त्या भुर्रकन पेट घेत. शीटसाठी आज सगळ्यात नावाजलेली मात्सुकेली ही इटालियन कंपनी १८४९ ची आहे. तिची सुरुवात कंगवे आणि बटणांपासून झाली.

आमच्या धंद्यात असिटेटची किंमत ते तापवून वाकतं यासाठी. साठ अंशांच्या आसपास मऊ होतं. एक कान वर, एक खाली असलेला माणूस (म्हणजे आपण बहुतेक सगळेच) समोर बसला की काडी हीटरवर धरायची, कानामागे वळण द्यायचं, गार होऊ द्यायचं. टीआर-९० ला हे फारसं मानवत नाही. ती लवचीक आहे, त्यामुळे वाकवली की परत जागेवर येते. घामानं पांढरी पडलेली असिटेटची काडी बफवर घेतली की पुष्कळदा पुन्हा चमकते. साच्यातल्या फ्रेमचा वरचा रंग गेला की गेला.

पण जो गुण तोच दोष. नवतप्यात गाडी उन्हात उभी करून चष्मा डॅशबोर्डवर ठेवला, तर नागपूरचं ऊन आमचा हीटर होतं. फ्रंट वाकतो, काड्या फाकतात, कधी काच निसटून सीटखाली जाते. दर मे महिन्यात अशी गिऱ्हाइकं येतात आणि फ्रेम ‘डुप्लिकेट’ असल्याचं सांगतात. डुप्लिकेट नसते, असिटेटची असते. दिवसभर गाडीत असणाऱ्याला मी स्वतःच टीआर-९० घ्यायला सांगतो.

‘खर्च शंभर रुपये.’ या आकड्यामागे एक खरी बातमी असावी. लेन्सक्राफ्टर्स ही अमेरिकन दुकानांची साखळी सुरू करणारे डीन बटलर यांनी २०१९ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सला सांगितलं होतं, की चार ते आठ डॉलरमध्ये उत्तम फ्रेम बनते, पंधरामध्ये मोठ्या ब्रँडच्या तोडीची. धंद्यातल्याच माणसानं सांगितल्यामुळे ते जगभर गाजलं. पण तेव्हाच्या सुमारे सत्तर रुपयांच्या डॉलरनं चार ते आठ डॉलर म्हणजे २८० ते ५६० रुपये होतात आणि पंधरा म्हणजे हजाराच्या वर. आपल्याकडे येईपर्यंत त्याचे शंभर कसे झाले, ते फॉरवर्ड करणाऱ्यांना विचारा. शिवाय हे आकडे कारखान्यातून ढिगानं निघणाऱ्या मालाचे आहेत. एका माणसानं टेबलाशी बसून केलेल्या फ्रेमला ते लागूच होत नाहीत. तिथे मोठा खर्च शीटचा नसून त्याच्या दिवसांचा असतो.

तरीही नफ्याचं मी नाकारत नाही. फ्रेम कारखान्यापासून शोकेसपर्यंत येताना भाव कित्येक पट चढतो. त्यात ब्रँडच्या नावाचा परवाना असतो, बर्डीच्या जागेचं भाडं असतं, आणि नुसती हावही असते. साच्यातली फ्रेम ‘हँडमेड’ म्हणून विकणारे दुकानदारही आहेत. त्यांच्यावर राग काढा, जरूर काढा. वर सांगितलेली काडीच्या टोकाची परीक्षा त्यांच्यासाठीच आहे.

‘हातानं केलं की माप चुकतं, डोळे बिघडतात.’ मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य हे. नंबर काचेत असतो. आणि काच कुठे बसते हे ठरवणारं माप तर शीटच्या फ्रेममध्ये हवं तसं घेता येतं.

आपल्या चष्म्याच्या काडीवर आतून बघा. ५४, १८, १४० असे आकडे असतील: काचेची रुंदी, दोन काचांमधलं अंतर, काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. आता समजा एखाद्याच्या डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर ६२ आहे आणि नंबर उणे सहा. ५४-१८ च्या फ्रेममध्ये दोन काचांच्या मध्यांतलं अंतर ७२ येतं, म्हणजे प्रत्येक काचेचा मध्य पाच मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो. उणे नंबरची काच मध्यापासून जितकी लांब जाते तितकी जाड होते. साध्या काचेत कानाकडची कड आठ मिलिमीटरच्या आसपास जाते. त्याच माणसाला ४४-२० ची फ्रेम द्या: मध्यांतलं अंतर ६४, सरकवायचं फक्त एक मिलिमीटर, कड पाचाच्या आसपास. नंबर तोच, काच तीच, जाडीत तीन मिलिमीटरचा फरक. ‘हाय इंडेक्स’ काचेवर (तोच नंबर कमी जाडीत बसवणारी महाग काच) पैसे घालवण्याआधी फ्रेमवर विचार करावा, असं मी प्रत्येक जाड नंबरवाल्याला सांगतो.

साच्यात येतात ती ठरलेली मापं. रुंद चेहरा आणि जवळजवळ डोळे, बसकं नाक, वर आलेले गाल यांना शोकेसमधल्या बहुतेक फ्रेम कुठे ना कुठे टेकतात. हसलं की चष्मा उचलला जातो, खाली वाकलं की घसरतो. शीटमधून करणारा ब्रिज दोन मिलिमीटरनं कमी करू शकतो, नोजपॅड जाड ठेवू शकतो.

‘कला मेली.’ फ्रान्समध्ये मोरेजला १७९६ मध्ये एका खिळे बनवणाऱ्यानं तारेच्या फ्रेम सुरू केल्या. इटलीतल्या कादोरेत पहिला कारखाना १८७८ चा. दोन्हीकडे काम आजही चालू आहे. जपानच्या फुकुई भागात मासुनागा गोझाएमोन यांनी १९०५ मध्ये हे काम आणलं, तेही बर्फामुळे हिवाळाभर रिकाम्या बसणाऱ्या शेतकऱ्यांना हाताला काम मिळावं म्हणून. आज जपानी फ्रेम बहुतेक तिथल्याच सबाए गावच्या. कोरडवाहू शेतीच्या आपल्या भागात, सरकीच्या ढिगाशेजारी, हे कुणाला का सुचलं नाही, असं मला अधूनमधून वाटतं. असो.

राहिलं ते ‘सगळ्यात स्वस्त घ्या’. शाळेतल्या पोराला, जो चष्मा महिन्याला मोडतो, त्याला खुशाल स्वस्तातली टीआर-९० घ्या. घरात ठेवायच्या दुसऱ्या जोडीलाही तीच. पण नंबर पाचच्या पुढे असेल, किंवा प्रोग्रेसिव्ह काच (एकाच काचेत लांबचा आणि वाचायचा नंबर) असेल, जिच्यात फ्रेम नाकावर जरा घसरली तरी वाचायचा भाग डोळ्यापासून खाली जातो, तर अशी फ्रेम घ्या जी तापवून तुमच्या कानामागे बसवता येते. आणि दुकानदाराला ती तुमच्यासमोर बसवायला सांगा.